तारे लांबट येतात म्हणून गाइडिंग? थोडं थांबा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका हौशी निरीक्षकाकडे १५० मिमी व्यासाची, ७५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण, एचईक्यू-५ माउंट (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणारी मोटरची बैठक) आणि जुना कॅनन ६००डी कॅमेरा आहे. ९० सेकंदांचे फोटो काढले की दहातले सहा-सात फेकून द्यावे लागतात, कारण तारे लांबट येतात. गाइडिंग म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत दुरुस्त करणं. त्यासाठी मित्राचा गाइडस्कोप (त्या कॅमेऱ्याची छोटी दुर्बीण) एक रात्र लावून पाहिला, तर पीएचडी-२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण आरएमएस, म्हणजे सरासरी चूक, १.८ आर्कसेकंद दिसला. आता त्यांना विचारायचंय की गाइडस्कोप घ्यावा की ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर, आणि तो १.८ चा आकडा खाली कसा आणायचा.

उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी खरेदी बाजूला ठेवा. लांबट तारा हे लक्षण आहे, रोग नाही. ताप आला म्हणून कोणी थेट ऑपरेशन करत नाही. तुमच्या बाबतीत गाइडिंग लागणारच आहे, पण ते कशासाठी लागतंय हे कळल्याशिवाय लावलंत तर तो १.८ वर्षभर तुमच्या मागे लागेल.

तुमचे आकडे मांडू. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २०६.२६५ ला पिक्सेलच्या मायक्रॉनने गुणायचं आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागायचं, की एक पिक्सेल आकाशाचा किती तुकडा पाहतो ते मिळतं. तुमचं उत्तर १.१८ आर्कसेकंद. (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला; ही विकला म्हणजेच आर्कसेकंद.) आकाश दर सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद सरकतं. म्हणजे माउंटने नव्वद सेकंदांत साडेतेराशे आर्कसेकंदांचा प्रवास एका-दोन आर्कसेकंदांच्या चुकीत करायला हवा, अशी तुमची त्याच्याकडून अपेक्षा आहे. दातेरी चाकं आणि ग्रीस यांच्याकडून ही अपेक्षा फार आहे.

एचईक्यू-५ च्या आरए अक्षावर (दुर्बीण पूर्व-पश्चिम फिरवणारा अक्ष) १३५ दातांचं वर्म-व्हील आहे, म्हणजे वर्म या स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक. नक्षत्र दिवसाच्या ८६,१६४ सेकंदांना १३५ ने भागा, ६३८ येतात. वर्मचा एक फेरा ६३८ सेकंदांचा, आणि वर्म कारखान्यात कितीही नीट कापलेला असला तरी थोडा डुगडुगतोच. त्यामुळे माउंट दर ६३८ सेकंदांनी थोडं पुढे, मग थोडं मागे जातं. हाच पिरिऑडिक एरर. या वर्गातल्या माउंटमध्ये टोकापासून टोकापर्यंत ३० आर्कसेकंद चूक असली तरी नवल नाही. आता गंमत बघा. ६३८ सेकंदांत तुमचे नव्वद सेकंदांचे सात फोटो बसतात. लाटेच्या माथ्यावर किंवा तळाशी सापडलेल्या फोटोत तारा जेमतेम दीड आर्कसेकंद हलतो, म्हणजे गोल दिसतो. लाटेच्या उतारावर सापडलेल्या फोटोत तो १३ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे तब्बल ११ पिक्सेल. सातातले दोन-तीन फोटो छान, बाकीचे वाया. तुमच्या 'दहातले सहा-सात फेकतो' यात मला तीच लाट दिसते.

पण दिसते म्हणजे आहेच असं नाही. खात्री करायची एक सोपी युक्ती सांगतो, तिला एक रुपया लागत नाही. थंडीत मृगाच्या पोटातला बाण धरा, ते तीन तारे खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी लगत आहेत. नव्वद सेकंदांचा फोटो घ्या आणि शेवटची पाच सेकंदं माउंटचं ट्रॅकिंग बंद करा. प्रत्येक ताऱ्याला साठेक पिक्सेलची शेपटी फुटेल. ती शेपटी पूर्व-पश्चिम, म्हणजे आरएची दिशा. आता कॅमेरा तसूभरही न फिरवता नेहमीसारखे दहा फोटो काढा. तारे शेपटीच्या दिशेत लांबट असतील आणि काही फोटोंत असतील, काहींत नसतील, तर दोष वर्मचा. शेपटीच्या काटकोनात, सगळ्या फोटोंत एकाच बाजूला आणि सारखेच लांबट असतील, तर पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं, चुकलंय. एखाद्याच फोटोत ताऱ्याला भलत्याच दिशेला आकडा फुटला असेल, तर वारा, लोंबकळणारी केबल किंवा गच्चीवर कोणीतरी आलं. आणि फक्त कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेर पसरलेल्या छोट्या धूमकेतूंसारखे दिसत असतील, तर तो एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियनचा कोमा, म्हणजे आरशाच्या आकारातूनच येणारा दोष आहे. त्याला कोमा करेक्टर लागतो, गाइडिंगने तो जन्मात जाणार नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण कोमा घालवायला गाइड कॅमेरा विकत घेतलेले किमान तिघे मला माहीत आहेत.

आता पोलर अलाइनमेंट. इथे आपल्याकडे काही अडचणी अशा आहेत की युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून त्या कळत नाहीत. नाशिकचा अक्षांश २०, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर. कोल्हापूरकरांना तर सतराच्याही खाली. समोरची सोसायटी, आंब्याचं झाड, उत्तरेला एखादं गाव असेल तर त्याचा उजेड, यातलं काहीही त्याला खाऊन टाकतं. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून त्याला शोधावं लागतं. पोलरस्कोपमधून (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून) पाहायचं तर जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं. माझं वय झाल्यावर ते मी सोडलं. शिवाय माउंटचा अक्ष इतका आडवा झाल्यावर वजनाची दांडी उत्तरेकडच्या पायाच्या अगदी जवळून जाते. अंधार पडण्याआधी दांडी हाताने पूर्ण फिरवून पाहा, घासत असेल तर वजन वर सरकवा किंवा ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये छोटा खांब घाला. आणि अक्षांशाचे दोन बोल्ट फिरवताना एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका.

आता पोलरस्कोपची गरजही फारशी उरलेली नाही. नीना या मोफत प्रणालीत तीन ठिकाणी फोटो काढून, ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवून अक्षाची चूक मोजता येते, ध्रुवतारा दिसत नसला तरी. शार्पकॅपमध्येही सोय आहे, पण त्याला ध्रुवाकडचं आकाश दिसावं लागतं. दोन्हीकडे वातावरणीय वक्रीभवनाचा पर्याय चालू ठेवा. वीस अंशांच्या उंचीवर हवा ताऱ्याला सुमारे तीन कला वर उचलून दाखवते, आणि आपल्याला गाठायची असते ती एक-दोन कलांची अचूकता. काश्मीरपेक्षा कोकणात ही चूक जास्त, हे लक्षात ठेवा.

किती अचूक पुरे? अक्ष एक कलेने चुकला तर तारा डेक्लिनेशनमध्ये (थोडक्यात डेक, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत) दर मिनिटाला जास्तीत जास्त पाव आर्कसेकंद सरकतो. पाच कला चुकलात तर मिनिटाला सव्वा. तुमच्या दीड मिनिटांच्या फोटोत दोन आर्कसेकंद, म्हणजे पावणेदोन पिक्सेल. गाइडिंग हे सरकणं भरून काढेल, पण चित्र गाइड ताऱ्याभोवती हळूहळू फिरत राहील. दोन कलांच्या आत आलात की पुढे जा. अर्ध्या कलेसाठी तासभर झटण्यात अर्थ नाही, तेवढ्यात दोन डझन फोटो होतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. गाइडस्कोप की ऑफ-अ‍ॅक्सिस? ऑफ-अ‍ॅक्सिस तत्त्वतः चांगला, कारण मुख्य दुर्बिणीतूनच आलेल्या प्रकाशाचा कडेचा एक तुकडा छोट्या प्रिझमने गाइड कॅमेऱ्याकडे वळवला जातो. दुर्बीण वाकली, आरसा सरकला, तरी दोन्ही कॅमेरे तेच पाहतात. पण तुमच्याकडे डीएसएलआर आहे. कोमा करेक्टरपासून सेन्सरपर्यंत बहुतेक वेळा ५५ मिमी अंतर ठेवावं लागतं. कॅननच्या बॉडीतच ४४ मिमी गेले, टी-रिंगमध्ये (कॅमेरा जोडायच्या कड्यात) ११. बेरीज झाली पंचावन्न. ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर ठेवायला जागाच उरत नाही. पुढे कधी कूलिंगवाला खगोल कॅमेरा घ्याल तेव्हा हा विषय परत काढा. आज गाइडस्कोप.

तो मोठा नको. ५० मिमी व्यासाचा, २०० मिमीच्या आसपास नाभीय अंतराचा पुरे. त्यावर ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा साधा मोनो गाइड कॅमेरा लावलात तर एक पिक्सेल ३.९ आर्कसेकंदांचा होतो. हे जाडंभरडं वाटेल, पण सॉफ्टवेअर ताऱ्याचा ठिपका चार-सहा पिक्सेलवर पसरलेला पाहून त्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या-दहाव्या हिश्शापर्यंत काढतं. म्हणजे ०.४ ते ०.८ आर्कसेकंद. तुमच्या १.१८ ला ते पुरतं. फोकस मात्र थोडा सैल असला तरी चालेल, सुईच्या टोकाइतका तीक्ष्ण तारा उलट मोजायला अवघड.

गाइडस्कोप बसवायची जागा हा जास्त महत्त्वाचा भाग आहे. फाइंडरच्या (शोधदुर्बिणीच्या) खाचेत एका स्क्रूवर उभा केलेला गाइडस्कोप हळूहळू कलतो, आणि गाइडिंगचा आलेख मात्र सुंदर दिसत राहतो. न्यूटोनियनचा आरसाही क्लिपांमध्ये थोडा सरकतो. कसं ओळखायचं? तासाभरातला पहिला आणि शेवटचा फोटो एकामागोमाग उघडझाप करून पाहा. आलेखात तारा जागचा हलला नाही आणि फोटोत तो वीस पिक्सेल एका दिशेने गेला, तर तो फ्लेक्शर आहे, म्हणजे गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या तुलनेत वाकताहेत. गाइडस्कोप दोन कड्यांमध्ये, शक्यतो दुर्बिणीच्या मुख्य कड्यांवरच्या आडव्या पट्टीवर पक्का बसवा.

जाता जाता, हे सगळं यंत्र करतं याचं मला अजून अप्रूप आहे. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू वायव्येला दिसत होता तेव्हा मी फिल्मवर फोटो काढले. गाइड कॅमेरा वगैरे नव्हताच. उजळलेल्या क्रॉसवायरच्या आयपीसला डोळा लावून दहा-दहा मिनिटं तारा मध्यावर धरायचा, हातात दोन बटणं. डास चावला तरी हलायचं नाही. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तो ५१ मिनिटांचा होता. त्या काळच्या प्लेटवर आणि घड्याळी यंत्रावर ५१ मिनिटं! असो.

मुख्य प्रश्नाकडे येतो. १.८.

हा आकडा दोन अक्षांची एकत्र चूक आहे. दोन्ही अक्ष सारखे असतील तर प्रत्येकी १.२७ च्या आसपास, आणि त्यामुळे ताऱ्याचा ठिपका सुमारे तीन आर्कसेकंदांनी फुगतो. वातावरणाची थरथर, म्हणजे सीइंग, त्या रात्री तीन आर्कसेकंद होतं असं धरू. दोन्ही मिळून ठिपका ४.२ चा. गाइडिंग १.० वर आणलंत तर ३.४. आणि आणखी जीव काढून ०.७ वर आणलंत तर? ३.२. पहिल्या टप्प्यात फोटो डोळ्यांना सुधारलेला दिसतो. दुसऱ्या टप्प्यात काहीही दिसत नाही. तेव्हा तुमच्या संचाला एकच्या आसपासचा आकडा गाठा आणि मग आलेखाची खिडकी झाकून टाका. लोक स्क्रीनशॉटवर ०.४ मिरवतात, त्यांची माउंट तिप्पट किमतीची असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरए आणि डेक वेगवेगळे पाहा. दोन्ही १.२ असतील तर तारा थोडा जाड पण गोल येईल. एक ०.५ आणि दुसरा १.६ असेल तर एकूण आकडा तेवढाच, पण तारा अंड्यासारखा. कोणता अक्ष बिघडलाय हे न सांगता 'आरएमएस १.८' सांगणं म्हणजे डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगणं.

डेक बिघडला असेल तर बहुधा बॅकलॅश. पीएचडी-२ च्या आलेखात निळी रेघ आरएची, लाल डेकची. बॅकलॅश असला की लाल रेघ मधल्या रेषेच्या एका बाजूला अडकून बसते. खाली दुरुस्तीचे आदेश एकामागे एक पडत असतात, रेघ ढिम्म. मोटर फिरतेय, पण दातांमधली पोकळी संपेपर्यंत दुर्बीण हलत नाही. मग ती एकदम निघते आणि मध्य ओलांडून पलीकडे जाते, आणि तोच खेळ उलट्या बाजूने. यावर सोपा उतारा असा: डेकला एकाच दिशेने दुरुस्ती करू द्या. पोलर अलाइनमेंट दोनेक कला चुकलेलं असलं की तारा सतत एकाच बाजूला सरकतो. दहा मिनिटं डेकचं गाइडिंग बंद ठेवून तो कुठे सरकतोय ते पाहा आणि फक्त त्याच्या विरुद्ध दिशेचे आदेश चालू ठेवा. दात नेहमी एकाच बाजूला टेकलेले राहतात. वर्म उघडून घट्ट करण्याचा मोह मात्र पहिल्या वर्षी आवरा. जरा जास्त आवळलंत की आरए अडखळतो, मग ती दुरुस्ती आपल्यालाच निस्तरावी लागते.

आरए बिघडला असेल तर आधी संतुलन बघा. वजन तंतोतंत समतोल नको, पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दात एका बाजूला दाबलेले राहतात. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून दुर्बीण पलटली की पूर्व बाजू बदलते, तेव्हा वजन दोन बोटं सरकवा. मग गाइड एक्स्पोजर. एक सेकंदापेक्षा कमी ठेवलंत तर सॉफ्टवेअर हवेच्या थरथरीमागे पळतं. तारा उजवीकडे हलला म्हणून आदेश जातो, तोवर तारा परत आलेला असतो. तुमच्या माउंटला दोन ते तीन सेकंद ठेवा. हल्लीच्या हार्मोनिक गिअरवाल्या छोट्या माउंटना मात्र उलटा नियम. त्यांची चूक मोठी आणि झपाट्याने बदलणारी, म्हणून अर्ध्या-एक सेकंदाचं गाइडिंग लागतं. त्यांच्या मालकांचे सल्ले तुमच्या एचईक्यू-५ ला लागू नाहीत. पीएचडी-२ मधला भाकीत करणारा पीपीईसी अल्गोरिदम तुमच्या कामाचा आहे. तो वर्मची लाट शिकून चूक होण्याआधीच दुरुस्ती पाठवतो. मात्र त्याला शिकायला वर्मचे दोन-तीन फेरे, म्हणजे अर्धा तास द्या.

बाकी सेटिंगला हात लावायच्या आधी नवीन प्रोफाइल विझार्डने बनवा, त्यात गाइडस्कोपचं नाभीय अंतर बरोबर टाका. २०० च्या जागी १२० टाकलंत तर आर्कसेकंदातला प्रत्येक आकडा खोटा. मित्राच्या गाइडस्कोपवर हे तपासलं होतं का? माझी शंका आहे की तुमच्या १.८ चा काही भाग तिथलाच असेल. कॅलिब्रेशन (कोणत्या आदेशाने तारा कुठे आणि किती हलतो ते सॉफ्टवेअरला शिकवणं) खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळ करा, पुन्हा तो मृगाचा बाणच. माउंटला जोडायला एसटी-४ ची (फक्त दुरुस्तीचे आदेश नेणारी) केबल वापरू नका, यूएसबीची ईक्यूमॉड केबल वापरा. मग दुर्बीण कोणत्या डेक्लिनेशनवर आणि कोणत्या बाजूला आहे हे सॉफ्टवेअरला कळतं आणि दर वेळी नव्याने कॅलिब्रेशन करावं लागत नाही.

डिदरिंग, म्हणजे दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम थोडी हलवणं, विसरू नका. माझ्या मते तुमच्यासाठी गाइडिंगचा खरा फायदा हाच आहे. नाशिक शहराच्या आकाशाखाली एफ/५ ला नव्वद सेकंदांपेक्षा लांब फोटो काढून फार काही हाती लागत नाही, आकाशच उजळतं. पण कूलिंग नसलेला डीएसएलआर मार्चनंतर तापतो, आणि फ्लेक्शरमुळे फोटो हळूहळू एका दिशेने सरकत असतील तर गरम पिक्सेलांचे ओरखडे स्टॅकभर (सगळे फोटो एकावर एक रचून केलेल्या चित्रभर) तिरके उमटतात. दर दोन-तीन फोटोंनंतर दुर्बीण मुद्दाम दहा पिक्सेल इकडेतिकडे हलवली की ते ओरखडे विरून जातात. तुमचे दहा पिक्सेल म्हणजे गाइड कॅमेऱ्याचे तीन, सेटिंग करताना हे गुणोत्तर लक्षात घ्या.

शेवटी दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी, ज्यांनी माझ्या सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या. एक, दव. दोन हिवाळ्यांपूर्वी वेल्ह्याकडे एका मित्राच्या शेतावर देवयानी दीर्घिकेवर सगळं लावून गाडीत झोपलो. पहाटे पाहतो तर रात्री एकपासून 'तारा हरवला' असा संदेश. मुख्य आरसा नळीच्या तळाशी कोरडा ठणठणीत, गाइडस्कोपची इवलीशी भिंग दवाने पांढरी. ड्यू हीटरची पट्टी मुख्य दुर्बिणीसाठी आणली होती, ती गाइडस्कोपला हवी होती. दुसरी, वीज. एचईक्यू-५ चा लाल दिवा लुकलुकायला लागला की बॅटरी उतरलीय, आणि तेव्हा आलेखात जे उड्या मारणारे काटे दिसतात ते कोणत्याही सेटिंगने जात नाहीत.

या सगळ्या चाचण्यांसाठी अमावस्या घालवू नका. पौर्णिमेच्या आसपास, चांदणं असताना, गच्चीवर करा. गाइड ताऱ्याला चंद्राचा त्रास होत नाही. पीएचडी-२ मधला गाइडिंग असिस्टंट निदान अकरा मिनिटं चालू द्या म्हणजे वर्मचा एक पूर्ण फेरा नोंदला जाईल, आणि नंतर गाइड लॉगची फाइल आणि शेपटीवाला तो एक फोटो जपून ठेवा. पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा मला या दोनच गोष्टी लागतील.